केळीचं खोड गोबरगॅसच्या टाकीत चालतं का? हिशेबासकट सांगा

पिलबाग (यावल)

राम राम मंडळी. तीन एकर केळी, ग्रँड नैन, लागण पाच बाय पाच फुटांवर. गोठ्यात चार म्हशी, दोन बैल. घड कापल्यावर खोडांचे ढीग बांधावर पडून राहतात, कुजतात, खोडकिड्याला आयतं घर मिळतं. म्हणून गोबरगॅसची टाकी बांधायचा विचार आहे. प्रश्न असे:

नुसत्या खोडांवर टाकी चालेल का, की शेण लागतंच? कोणत्या प्रकारची टाकी बांधावी? गॅसवर विहिरीची ५ एचपीची मोटर चालेल का? आणि उरलेला गॅस सिलिंडरमध्ये भरून ठेवता येतो का?

कृपया आकड्यांत सांगा. "चालतं भाऊ, बिनधास्त करा" असली उत्तरं गावात फुकट मिळतात.

गणितमास्तर_रावेर

पिलबाग भाऊ, आधी वजनाचा हिशेब करू, टाकीचं नंतर.

ताज्या शेणापासून किलोला साधारण ४० लिटर गॅस मिळतो. म्हणजे २५ किलो शेण = १ घनमीटर. हा आकडा वर्षानुवर्षं वापरात आहे आणि आपल्या हवेत बऱ्यापैकी खरा ठरतो.

आता खोड. शंभर किलो खोडात ९० ते ९३ किलो पाणीच असतं. उरलेल्या सात-आठ किलोतली राख सोडली तर कुजण्याजोगा माल सहा किलोच्या आसपास. त्याच्या किलोला पाव घनमीटर गॅस धरा. शंभर किलो खोडाचा गॅस झाला दीड घनमीटर. शंभर किलो शेणाचा चार. लोकांना खोड मोठं दिसतं म्हणून गॅसही मोठा वाटतो, पण ते उभं केलेलं पाणी आहे.

हेच ट्रॉलीत मोजू. तीन टन खोडं भरलेली ट्रॉली, ४५ घनमीटर गॅस. एक घनमीटर गॅस म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम एलपीजी, म्हणून अख्ख्या ट्रॉलीचे झाले २० किलो. दीड सिलिंडरही धड नाही! भरणं, वाहणं, कुट्टी करणं, ट्रॅक्टरचं डिझेल, मजुरी सगळं त्या दीड सिलिंडरसाठी. म्हणून लांबून खोडं गोळा करून गॅस करायच्या गप्पा निघाल्या की मी आधी विचारतो, पाणी वाहायचं भाडं कोण देणार?

तुमचं गणित असं. म्हैस दिवसाला १५ किलो शेण देते, बैल १० धरा. चार म्हशींचे ६०, दोन बैलांचे २०. बैल दिवसभर शेतात, म्हशी थोड्या चरायला जातात, म्हणजे हाताला लागणारं शेण ५० ते ५५ किलो. टाकी रोज दोन घनमीटर गॅस देणारी, म्हणजे आत ४ घनमीटर माल मावेल अशी. महिन्याला ६० घनमीटर गॅस, म्हणजे २७ किलो एलपीजी, दोनला थोडे कमी सिलिंडर. घरचा स्वयंपाक, चहा, गुरांचं आंबोण शिजवणं एवढ्याला पुरतो.

पिलबाग (यावल)

मग खोडाचा उपयोग शून्य?

गणितमास्तर_रावेर

शून्य नाही. खोडाला इंधन समजू नका, पाणी समजा. शेणात आपण वजनाइतकं पाणी घालतोच, ५० किलोला ५० लिटर. त्यातलं थोडं पाणी खोडाच्या रूपात गेलं तर बिघडत नाही, वर थोडा गॅस जादा.

५० किलो शेण + ३० किलो कुट्टी केलेलं खोड + ३५ लिटर पाणी. गॅस २ चा २.४ ते २.५ घनमीटर होतो. सुकं वजन मोजाल तर शेणातलं ९ किलो (१८ टक्के) आणि खोडातलं २.४, मिळून ११.४ किलो, एकूण ११५ किलोत. म्हणजे घट्टपणा दहा टक्क्यांच्या आत, जो आपल्याला हवा. मात्र खोड घातलं म्हणून पाणी फार कमी केलंत तर रबडी (शेण-पाण्याचा काला) सरकत नाही, आणि पूर्ण ५० लिटर ओतलंत तर माल टाकीतून लवकर बाहेर ढकलला जातो. ४ घनमीटरच्या टाकीत रोज १०० लिटर म्हणजे ४० दिवसांचा मुक्काम, ११५ लिटर म्हणजे ३५. उन्हाळ्यात ३५ चालतात. डिसेंबर-जानेवारीत चालत नाहीत.

रोज ३० किलो म्हणजे दीड-दोन खोडं. एकरात १७४२ झाडं, खोड १८ किलोचं धरलं तरी एकरी ३१ टन. एका एकराची खोडं टाकीला तीन वर्षं पुरतील आणि तुमचे एकर तीन. तेव्हा टाकी हा खोडांची विल्हेवाट लावायचा मार्ग नव्हे. बाकीची खोडं उभी चिरून दोन ओळींच्या मध्ये आच्छादन करा. उभी चिरल्यावर लवकर वाळतात आणि खोडकिड्याला अंडी घालायला ओलावा उरत नाही. पिलबाग (बुडाच्या पिलावर घ्यायचं पुढचं पीक) धरायचा असेल तर घड कापल्या-कापल्या खोड बुडातून छाटू नका, त्यातला रस पिलालाच जातो.

तापीकाठ

मास्तरांचं बठ्ठं बरोबर शे भो. आता टाकीचं.

आपल्याकडे तीन प्रकार दिसतात.

तरंगत्या टाकीचा, म्हणजे खादी ग्रामोद्योगाचा जुना नमुना. खाली विटांची विहीर, वर लोखंडाची किंवा फायबरची टाकी, जी गॅस भरला की वर येते. दाब कायम, आठ ते दहा सेंटीमीटर पाण्याचा, त्यामुळे शेगडी एकसारखी जळते. लोखंडी टाकी गंजते, दरवर्षी रंग मागते. फायबरची महाग पण कटकट नाही.

दुसरा दीनबंधू, विटांचा पक्का घुमट, सगळं जमिनीखाली. हा नमुना १९८४ चा. स्वस्त, लोखंड नाही, गंज नाही. पण गवंडी कसबी हवा. घुमटाला केसाएवढी भेग पडली तरी गॅस जातो, आणि तो वास घरात येत नाही म्हणून महिनोन्‌महिने कळतही नाही.

तिसरा फुग्याचा, जाड प्लॅस्टिकची पिशवी. एका दिवसात बसतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, त्या उन्हात प्लॅस्टिक कडक होतं. वर हिरवी जाळी किंवा पाचटाचा मांडव हवाच. उंदीर, घूस आणि सातपुड्याच्या बाजूला रानडुक्कर. कुंपणाशिवाय फुगा म्हणजे पैसे मातीत.

खोड घालणार असाल तर माझं मत तरंगत्या टाकीला. कारण धागे. खोडाचे धागे वर तरंगतात, त्यांची जाड साय बसते आणि खालचा गॅस वर येत नाही. तरंगती टाकी रोज सकाळी हाताने दोनदा फिरवली की साय मोडते. दीनबंधूच्या घुमटात हात घालायला जागा नाही. साय जमली की टाकी रिकामी करण्यावाचून इलाज नाही.

आणि एक, जे पुस्तकात बारीक अक्षरांत असतं. तापीकाठची माती खोल काळी. पावसाळ्यात फुगते, एप्रिलमध्ये हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या मातीत विटांचं बांधकाम थेट टेकवलं तर दोन पावसाळ्यांत तडकतं. खड्डा सगळ्या बाजूंनी दीड फूट जादा खोदा, तळाला मुरूम टाकून पाणी मारून चोपा, भिंतीच्या बाहेरही काळी माती परत न भरता मुरूमच भरा, थराथराने. काळ्या मातीतल्या तडकलेल्या टाक्यांत मला तरी बहुतेक वेळा हीच चूक दिसते.

खड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून निदान १५ मीटर लांब. गोठ्याला चिकटून, पण झाडाच्या सावलीत नको. मुळंही नकोत आणि थंडीत ऊनही हवं. आणि टाकी रिकामी असताना पावसाळा येऊ देऊ नका. बाहेरून पाणी चढलं की रिकामं बांधकाम उचललं जातं.

बांधायचा काळ दिवाळीनंतर, सुरू करायचा काळ फेब्रुवारी-मार्च. अनुदान हवं असेल तर खड्डा खोदायच्या आधी पंचायत समितीच्या कृषी विभागात अर्ज द्या. केंद्राचा राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रम २०२२ चा आहे, त्यात घरगुती टाक्या धरल्या होत्या. आता काय चालू आहे ते अर्जाच्या वेळीच विचारून घ्या. बांधून झाल्यावर अर्ज नेला तर हात हलवत परत.

कुट्टीवाला

खोडाची कुट्टी हा वेगळाच विषय आहे, कारण चाऱ्याच्या मशीनला खोड आवडत नाही.

वैरण कापायचं साधं यंत्र खोडाचे तुकडे करतं, पण धागा तुटत नाही, सोलून निघतो आणि शाफ्टला दोरीसारखा गुंडाळला जातो. दहा मिनिटांत बेल्ट घसरायला लागतो. उपाय तीन. एक, पाती रोज धार केलेली आणि पाती-पट्टीतलं अंतर कागदाच्या जाडीएवढं. दोन, खोड आधी उभं चार फाकांत चिरून, मग आडवं द्यायचं. तीन, बाहेरचे दोन-तीन पापुद्रे काढून टाकायचे. जाड धागा सगळा त्यातच असतो. आतला पांढरा गाभा काकडीसारखा कचाकच कापला जातो. टाकीला गाभाच द्या, पापुद्रे आच्छादनाला.

तुकडा एक ते दोन सेंटीमीटर. बोटाएवढा राहिला तर तरंगणारच.

कापल्यावर लगेच टाकीत नको. शेणाच्या रबडीत कालवून दोन-तीन दिवस झाकलेल्या पिंपात ठेवा. तुकडे मऊ पडतात, पाणी पितात, मग बुडतात. चार दिवसांवर ठेवू नका, पिंपातच आंबायला लागतं आणि तो आंबटपणा टाकीत जातो.

खोडाचा चीक लोखंडाला खातो. काम झालं की पाती धुऊन, पुसून, तेलाचा हात. कपड्यावरचा डाग तर मरेपर्यंत जात नाही हे केळीवाल्यांना सांगायला नको.

आत जाणारा पाइप सहा इंची, सरळ, एकही वळण नसलेला. वरून बांबू घातला तर तळापर्यंत पोचला पाहिजे. चार इंची पाइपात खोडाचा बोळा आठ दिवसांत बसतो. शेण कालवायच्या कुंडीच्या तोंडाला अर्ध्या इंचाची जाळी आणि कुंडीचा तळ पाइपाच्या तोंडापेक्षा दोन इंच खाली, म्हणजे खडे-माती कुंडीतच बसते. गोठ्याची जमीन मातीची असेल तर शेणाबरोबर रोज ओंजळभर माती जाते. काही वर्षांनी टाकीचा तळ अर्धा भरलेला निघतो आणि मग लोक म्हणतात गॅस कमी झाला.

बोंडअळी_वैरी (पारोळा)

इकडे केळी कमी, कापूस जास्त. पऱ्हाटी (कापसाच्या वाळल्या काड्या) टाकीत चालेल का? फरदड (हंगामानंतर लांबवलेला कापूस) काढून टाकल्यावर एकरभर काड्या पडून असतात.

गणितमास्तर_रावेर

नाही. पऱ्हाटी म्हणजे लाकूडच. लाकडातलं लिग्निन टाकीतल्या जिवाणूंना पचत नाही, काडी वर्षभर टाकीत राहिली तरी काडीच निघेल.

पऱ्हाटीसाठी रस्ता जाळण्याचा, पण चांगल्या रीतीने. शेंगदाण्याची टरफलं, पऱ्हाटी, तुऱ्हाटी यांचा भुगा दाबून विटा करतात, त्यालाच व्हाइट कोल म्हणतात. त्यात डिंक-बिंक काही लागत नाही, दाब आणि उष्णतेने लिग्निनच चिकटतं. अट ओलाव्याची, १० टक्क्यांच्या आसपास. ओली काडी गेली तर विटा फुटतात. गटात करायचं काम आहे, एकट्याचं नाही.

एकट्याला जमेल तो म्हणजे कोळसा खत. जमिनीत तीन-चार फूट खोल, वर रुंद खाली निमुळता असा शंकूचा खड्डा. तळाला जाळ करून वरून काड्या थराथराने टाकत जायच्या. वरचा थर राखेने पांढरा दिसू लागला की पुढचा थर. वरच्या ज्वाळा हवा अडवतात आणि खालच्या काडीचा कोळसा होतो. खड्डा भरला की भरपूर पाणी ओतून विझवायचं. काडीच्या वजनाच्या पाचवा ते चौथा हिस्सा कोळसा मिळतो. तो कोरडा शेतात टाकू नका, आधी गोबरगॅसच्या स्लरीत (टाकीतून बाहेर पडणाऱ्या रबडीत) पंधरा दिवस भिजवा, नाहीतर तो आधी जमिनीतलंच नत्र धरून बसतो.

काहीही करा, पऱ्हाटीचा ढीग शेताच्या बांधावर पावसाळ्यापर्यंत ठेवू नका. गुलाबी बोंडअळी त्यातल्या वाळलेल्या बोंडांतच मुक्काम करते.

सातपुडा_ताई

थोड्या काड्या भरितासाठी ठेवा बरं! गॅसवर भाजलेल्या वांग्याला पऱ्हाटीच्या धुराची सर नाही, मग तो गोबरगॅस का असेना.

आता कामाचं. टाकी भरण्यापासून शेगडी पेटेपर्यंत.

पहिली भरणी फक्त शेणाची. ४ घनमीटरच्या टाकीला २ टन शेण आणि २ हजार लिटर पाणी. एवढं शेण एका दिवशी मिळत नाही, आठ-दहा दिवसांत गावातून गोळा करून भरा. शेण ताजं हवं, वाळलेली पोवटी नको. कोणाच्या चालू टाकीतली रबडी दहावा हिस्सा, म्हणजे ४०० लिटर, आणून घातली तर विरजण लागल्यासारखं होतं. मार्चमध्ये पंधरा-वीस दिवसांत टाकी चालू होते, डिसेंबरात दीड महिना.

पहिल्या वेळी भरलेला गॅस पेटत नाही, त्यात बहुतेक कार्बन डायऑक्साइड आणि टाकीतली हवा असते. तो दोनदा पूर्ण सोडून द्या. टाकीजवळ काडी लावून बघायची हौस अजिबात नको. हवेत ५ ते १५ टक्के मिथेन असला की ते मिश्रण भडकतं, आणि नव्या टाकीत नेमकं तेवढंच असू शकतं. गॅस तपासायचा तो शेगडीवर, खिडकी उघडून.

टाकी सुरळीत चालून दीड-दोन महिने झाले की मग खोड. पहिल्या आठवड्यात रोज ५ किलो, पुढच्या आठवड्यात १०, असं करत ३० वर या. एकदम ३० किलो घातलं तर आंबट होते.

आंबट झाल्याची खूण वासाने कळते. बाहेर पडणाऱ्या रबडीला चांगल्या टाकीत फारसा वास नसतो. आंबली की ताकासारखा, उलटी येईल असा वास येतो, फेस येतो, टाकी वर चढते पण शेगडी पेटत नाही, भकभक करून विझते. औषधाच्या दुकानातून सामूची (पीएचची) पट्टी आणा. ६.८ ते ७.४ ठीक, ६.५ च्या खाली गेला तर लगेच खोड बंद, शेणही बंद, पाच-सात दिवस काहीच घालू नका. मग चालू टाकीची रबडी आणून घाला. त्यानेही सामू चढला नाही तरच चुना. अर्धा किलो चुना २० लिटर पाण्यात कालवून, निवळीसकट, आणि दुसऱ्या दिवशी पट्टी पाहून मगच पुढचा डोस. एकदम पाच किलो चुना ओतू नका, दगडासारखा तळाला बसतो.

गोठ्यात फिनेल टाकून धुतलेलं पाणी टाकीत जाऊ देऊ नका. म्हशीला प्रतिजैविकाची इंजेक्शनं चालू असतील तर तिचं शेण निदान आठवडाभर उकिरड्यावर. जिवाणू मारायचं औषध टाकीतही जिवाणूच मारतं.

आणि शेगडी. एलपीजीची शेगडी तशीच लावाल तर नुसती टिमटिमेल. गोबरगॅसचा दाब कमी आणि त्यात जळणारा भाग साठ टक्केच, म्हणून जेटचं भोक मोठं लागतं आणि हवेची खिडकी लहान. आयएस ८७४९ छापलेली गोबरगॅसचीच शेगडी घ्या, जुन्या शेगडीच्या जेटला ड्रिल मारत बसू नका. पिवळी ज्योत म्हणजे हवा कमी, झडप थोडी उघडा. ज्योत बर्नरपासून उडत असेल तर हवा जास्त. निळी, चिकटून, हलका सूं आवाज करणारी हवी.

यांत्रिक_धुळे

मोटर आणि सिलिंडर, दोन्हीची उत्तरं निराश करणारी आहेत, पण ऐका.

गॅस इंजिनाला एका एचपीला तासाला ०.४५ घनमीटर लागतो. ५ एचपीला सव्वादोन. केळीला तीन तास पाणी द्यायचं म्हटलं तर पावणेसात घनमीटर. म्हणजे रोज १७० किलो शेण, अकरा-बारा म्हशी, आणि तेही चुलीला थेंबभर गॅस न देता. तुमच्या गोठ्यावर मोटर चालणार नाही. पंचवीस-तीस जनावरांचा गोठा असेल तर विचार करावा. मोटरसाठी सौर पंप बघा, आपल्याकडे ऊन फुकट आणि भरपूर.

मोठा गोठा असणाऱ्यांसाठी: डिझेल इंजिन हवेच्या पाइपातून गॅस देऊन चालवलं तर सत्तर-ऐंशी टक्के डिझेल वाचतं, पण थोडं डिझेल ठिणगीसाठी लागतंच. इंजिनाच्या आधी सडक्या अंड्याचा वास काढणं सक्तीचं. तो हायड्रोजन सल्फाइड, पाण्याशी मिळून आम्ल होतो आणि तांब्या-पितळेचे भाग, बेअरिंग खातो. चार इंची पीव्हीसी पाइप, मीटरभर लांब, दोन्ही टोकांना टोपी. आत लेथवाल्याकडचा लोखंडाचा कीस. तो आधी सोड्याच्या पाण्याने धुऊन तेल काढा, मग पाणी शिंपडून आठवडाभर उघडा ठेवा, लाल गंज चढू द्या. काम गंज करतो, लोखंड नाही. गॅस खालून वर. कीस काळा पडला की काढायचा, उघड्यावर पसरला की पुन्हा लाल होतो. पसरताना काळजी घ्या, हवा लागताच तो तापतो. कडब्याजवळ पसरलात तर गंजीला आग.

सिलिंडर. मिथेन एलपीजीसारखा दाबून द्रव होत नाही. त्याला उणे ८२ अंशांच्या खाली न्यावं लागतं. घरगुती सिलिंडरात तो फक्त वायू म्हणून राहील, तोही एका भाजीपुरता. जास्त भरायचा तर सीएनजीसारखा प्रचंड दाब, त्याआधी कार्बन डायऑक्साइड आणि पाणी काढणं, वेगळे सिलिंडर, स्फोटक विभागाचा परवाना. पंपावर विकायच्या बायोगॅसला मिथेन ९० टक्के लागतो. ते कारखान्याचं काम. हवा भरायच्या कॉम्प्रेसरने एलपीजीच्या टाकीत गोबरगॅस भरण्याचे व्हिडिओ फिरतात, ते बघून कोणी हात लावू नये.

आणि न विचारलेलं एक सांगतो. टाकी साफ करायला कोणीही आत उतरायचं नाही. रिकामी केली, दोन दिवस उघडी ठेवली, तरी नाही. आत प्राणवायू नसतो, एकाला वाचवायला दुसरा उतरतो आणि दोघं जातात. गाळ बाहेरून पंपाने.

शहादा_४२

आमच्या भागात नोव्हेंबर संपला की गॅस निम्म्यावर येतो. उन्हाळ्यात नीट असतो. टाकी खराब आहे का?

तापीकाठ

टाकी चांगली आहे, जिवाणू गारठलेत. त्यांना ३० ते ३५ अंश आवडतात, २० खाली सुस्तावतात. सकाळी सातला विहिरीचं पाणी कालवून घालत असाल तर ती वेळ बदला. कालवायचं पाणी काळ्या पिंपात दिवसभर उन्हात ठेवा आणि भरणी दुपारी तीनला करा. टाकीभोवती दोन फूट उसाचं पाचट किंवा ओलं शेणखत रचा, खत कुजताना तापतं. हिवाळ्यात खोड १० किलोवर आणा.

पहाटे ज्योत फडफडत असेल तर तो गॅसचा नाही, पाइपातल्या पाण्याचा दोष. गॅस ओला असतो, गार पाइपात पाणी धरतं. पाइपाला शंभर फुटांना एक फूट उतार आणि सगळ्यात खालच्या जागी पाणी काढायचा नळ. २० मीटरपर्यंत पाऊण इंची एचडीपीई पाइप. लोखंडी आतून सडतो.

पिलबाग (यावल)

मास्तर, ताई, सगळ्यांचे आभार. दोन राहिले. बागेत मर आणि हरण्या या दोन्ही रोगांची झाडं निघतात, ती टाकीत चालतील? आणि स्लरी ड्रिपमधून सोडता येईल?

सातपुडा_ताई

मर रोगाचं झाड टाकीत अजिबात नको. मर आणणारी बुरशी मातीतही वर्षानुवर्षं टिकते. आपल्या टाकीचं तापमान तिला मारण्याइतकं नसतं, आणि तुम्ही स्लरीबरोबर तीच बुरशी प्रत्येक झाडाच्या बुडाशी नेऊन पोचवाल. ते झाड जागेवरच नष्ट करायचं, त्याला लावलेला कोयताही निर्जंतुक करायचा. हरण्याचं कारण विषाणू, तो माव्याने (रस शोषणाऱ्या किडीने) पसरतो. ते झाड उपटून ओढत बागेतून टाकीपर्यंत आणलं की मावा वाटेवर उतरतो. तेही जागेवरच पुरा.

कुट्टीवाला

ड्रिपचं. सरळ सोडली तर दुसऱ्या दिवशी ड्रिपर बंद. खोडाचे बारीक तंतू डोळ्याला दिसत नाहीत पण ड्रिपरला दिसतात. तीन टाक्या उतरत्या क्रमाने, पहिलीत गाळ बसवायचा, दुसरीत नारळाच्या काथ्यातून गाळायचं, तिसरीतून वरचं पाणी घेऊन शेवटी १२० मेशचा डिस्क फिल्टर. स्लरीनंतर अर्धा तास साधं पाणी सोडून लॅटरल (ड्रिपच्या नळ्या) धुवायच्या. एवढं करायचं नसेल तर पाटाच्या पाण्यात सोडा, किंवा पातळ करून झाडाला दोन-तीन लिटर आळ्यात.

उन्हात वाळवून पावडर करू नका, नत्राचा अमोनिया होऊन उडून जातो. खड्ड्यात केळीची वाळली पानं पसरून त्यावर स्लरी सोडा, पानं पिऊन घेतात. दोन खड्डे आलटून पालटून.

गणितमास्तर_रावेर

यात खताचा एक मुद्दा. टाकीतून गॅसच्या रूपाने कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन आणि थोडं गंधक जातं. नत्र, स्फुरद, पालाश (पोटॅश) सगळं स्लरीतच राहतं. केळीला झाडी २०० ग्रॅम नत्र, २०० ग्रॅम पालाश लागतं, आणि खोडात पालाशच भरपूर असतं. पण ते पाण्यात विरघळलेलं. स्लरीचं वरचं पाणी ओढ्याला सोडून नुसता घट्ट गाळ शेतात नेणारे पालाश ओढ्याला देतात आणि मग पोटॅशची गोणी विकत आणतात.

शहादा_४२

गॅस कमी झाला की आधी काय बघायचं? आमच्याकडे मिस्तरी आला की थेट टाकी उपसा म्हणतो.

यांत्रिक_धुळे

उपसायच्या आधी दहा रुपयांची तपासणी करा. पारदर्शक नळी दोन फूट, यूच्या आकारात फळीला बांधा, त्यात कुंकू कालवलेलं पाणी अर्धं. एक टोक गॅसच्या पाइपला, एक उघडं. दोन बाजूंच्या पाण्यातला फरक म्हणजे दाब.

टाकीजवळचा मुख्य वॉल्व बंद करून घरापर्यंतचा पाइप तपासा. पाणी खाली आलं तर गळती पाइपात, साबणाचं पाणी लावत जोड शोधा. पाइप ठीक असेल तर शेगडीचा वॉल्व बंद ठेवून, टाकीचा उघडा ठेवून बघा. तरंगत्या टाकीत दाब वजनावर ठरतो, म्हणून तिथे दाब नाही, टाकीची उंची खडूने खूण करून बघायची. दीनबंधूत दाब चढायला हवा. हे दुपारी दोन ते पाच करा, रात्री नको. रात्री गार होऊन गॅस तसाच आकसतो आणि गळती नसताना गळती वाटते.

गळती नाही, सामू ठीक, वास ठीक, तरी गॅस कमी, मग आत घालता त्या शेणाचं वजन करा. टोपल्याने नाही, काट्यावर. उन्हाळ्यात जनावर कमी खातं, कोणी चार टोपल्यांच्या तीन करतं आणि सांगत नाही.

शहादा_४२

काट्यावर केलं. ५० सांगत होते, ३१ निघालं.